हौद्यावरचं घर: कापडी भिंत की कडक?

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न: ताई, आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. फोर्ड एफ-१५० पिकअप आहे, चार दारांची, मागे साडेपाच फुटी हौदा. त्यावर बसवायला कॅम्पर घ्यायचाय. नवऱ्याला पॉप-अप हवा (छत वर उचललं की कापडी भिंती उघडतात तो), कारण तो हलका आणि कुठेही जातो. मला हार्ड-साइड हवा, म्हणजे कायमच्या कडक भिंतींचा, कारण कापडाच्या भिंतीआड मला झोप लागणार नाही. सोबत अकरा वर्षांची मुलगी. तिघांचं मिळून वजन ३९५ पौंड (नवऱ्याने खरं सांगितलं असेल तर). योसेमिटी नेहमीचं, जुलैत यलोस्टोन, हिवाळ्यात डेथ व्हॅली. पुढच्या जूनमध्ये सासू-सासरे सांगलीहून सहा महिन्यांसाठी येतायत, त्यांनाही न्यायचंय. पॉप-अपच्या माहितीपत्रकात वजन १,२५० पौंड आहे, हार्ड-साइडच्या २,४८०. दारावरच्या स्टिकरचा फोटो जोडलाय, पण डीलर म्हणाला तो बघायची गरज नाही, कॅम्पर ‘हाफ-टन ट्रकसाठीच’ बनवलाय. काय घ्यावं?

उत्तर: तुमचा फोटो मी मोठा करून पाहिला. पिवळ्या पट्ट्याच्या त्या स्टिकरवर लिहिलंय की माणसं आणि सामान मिळून १,५४० पौंडांच्या वर जायचं नाही. डीलर ज्याकडे बघू नका म्हणाला, तेच तुम्ही मला पाठवलंत, हे फार बरं केलंत. आता वही घ्या.

पॉप-अपचे १,२५० पौंड हे कोरडं वजन. फ्रिज, हीटर, सोलर आणि उतरवायचे जॅक बहुतेक वेळा त्यात धरलेले नसतात, त्यांचे १६० धरू. पाण्याची टाकी वीस गॅलनची. एक गॅलन पाणी सव्वाआठ पौंडांहून थोडं जास्त भरतं, म्हणजे १६७. गॅसचं भरलेलं छोटं सिलिंडर ३७. अंथरूण, भांडी, खाणं, कपडे, खुर्च्या यांचे २०० मी हात आखडून धरतेय, तुमच्या गाडीत कुकर असणार हे मला माहीत आहे. बेरीज १,८१४. त्यात तुमचे तिघांचे ३९५ मिळवले की २,२०९. म्हणजे नवऱ्याचा ‘हलका’ पॉप-अपसुद्धा तुमच्या ट्रकवर ६६९ पौंडांनी जास्त होतो. आणि हार्ड-साइड? तो रिकामा, बिनपाण्याचा, आत चमचासुद्धा न ठेवता, गाडीत कुणी न बसता, ९४० पौंडांनी जास्त.

तेव्हा तुमच्या दोघांच्या भांडणाचा निकाल असा, की या ट्रकवर दोघंही हरलात.

मी कराडची. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. सुट्टीच्या दिवशी ते खडीच्या ट्रकवाल्यांची कामं करायचे. ते लोक मागच्या चाकांवर स्प्रिंगचा एक जादा पाटा चढवून मागायचे. ट्रक खाली बसत नाही म्हटल्यावर खूश होऊन दीडपट माल भरायचे आणि महिन्याभरात तोच ट्रक ॲक्सल तुटून पुन्हा दारात. बाबा म्हणायचे, पाटा वाढवला म्हणून ॲक्सल जाड होत नाही. तुम्हालाही कुणीतरी सांगणारच, की मागे हवेचे फुगे लावा, जाड स्वेबार (गाडी एका बाजूला झुकू न देणारी सळई) लावा, दहा प्लायचे टायर घ्या. लावा की, गाडी डुलायची कमी होईल. स्टिकरवरचा आकडा मात्र तेवढाच राहतो. ब्रेक, ॲक्सल, रिम, चासी सगळं त्या आकड्यासाठी बनवलेलं असतं.

आणि ‘हाफ-टन’ हा शब्द विसरून जा. ते जुन्या काळचं नाव आहे, आज त्याला वजनाचा अर्थ उरलेला नाही. एकाच कंपनीचे, एकाच वर्षाचे, शेजारी शेजारी उभे असलेले दोन एफ-१५० घ्या. एकाला काचेचं छत, चामड्याच्या सीटा आणि फोर-व्हील ड्राइव्ह असेल, तर त्याचा पेलोड, म्हणजे स्टिकरवरचा तो आकडा, दुसऱ्यापेक्षा कितीतरी कमी निघतो. कंपनीने गाडीत भरलेली चैन तुमच्या सामानातूनच वजा होते.

मग तुमच्यापुढे रस्ते दोन.

पहिला, हाच ट्रक ठेवायचा असेल तर पॉप-अपची नुसती ‘शेल’ घ्या. म्हणजे छत, कापडी भिंती, वर पलंग, बाकी आत मोकळं. अशी ८०० पौंडांच्या आसपास मिळते. त्यात तुमचे ३९५, पाण्याच्या कॅनमध्ये सात गॅलन म्हणजे ५८, सामान २००. झाले १,४५३. उरले ८७ पौंड. त्यात एक शेगडी, एक बारकं सिलिंडर आणि एक पोर्टा पॉटी (उचलून नेता येणारा संडास) बसवा. मुलगी खाली मोकळ्या जागेत झोपेल. तुम्हाला ते तंबूसारखं वाटेल, आणि खरं सांगायचं तर तो तंबूच आहे, फक्त जमिनीपासून चार फूट वर, गादीसकट आणि खाली चिखल नसलेला.

दुसरा, ट्रक बदला. एक-टनी, म्हणजे ३५० किंवा ३५०० आकड्याचा. पाऊणटनी (२५० किंवा २५०० आकड्याचा) घेताना एक फसगत टाळा. लोक ताकद म्हणून डिझेल घेतात. डिझेल इंजिन जड असतं आणि पुष्कळशा पाऊणटनी ट्रकचं एकूण वजन कंपनीने दहा हजार पौंडांवर अडवलेलं असतं. त्यामुळे तोच ट्रक पेट्रोल इंजिनात जास्त सामान उचलतो आणि डिझेलमध्ये कमी. आमच्या ह्यांनी २०१५ मध्ये हीच चूक करायची तेवढी बाकी ठेवली होती. मी विक्रेत्यासमोर ट्रकचं दार उघडून, वाकून स्टिकर वाचला. त्या माणसाच्या चेहऱ्यावरून कळलं, की त्याच्या दुकानात आजवर कुठल्या बाईने असं केलेलं नव्हतं.

समजा ट्रक बदललात. आता तुमचा खरा प्रश्न.

आम्ही कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला राहतो. नऊ वर्षं पॉप-अप वापरला, त्यानंतर हार्ड-साइड. म्हणून दोन्हींच्या चांगल्या रात्रींबद्दल मी काही सांगत नाही. चांगल्या रात्री दोन्हींत सारख्याच. वाईट रात्रींचं सांगते.

पॉप-अपची सगळ्यात वाईट रात्र आम्ही वायोमिंगमध्ये काढली, लॅरामीच्या पश्चिमेला, आय-८० पासून जवळच. तिथला वारा म्हणजे वारा नव्हे, कुणीतरी रात्रभर सतरंजी झटकतंय असा आवाज. कापडाच्या भिंती आत-बाहेर होत होत्या, आणि दोन वाजता ह्यांनी उठून छत खाली घेतलं. छत खाली घेतलं की वरचा पलंग गेला. उरलेली रात्र मी बाकावर आणि हे जमिनीवर, पाय दाराला. डेथ व्हॅलीतही हिवाळ्याच्या शेवटाला असा वारा सुटतो, तेव्हा नवऱ्याला विचारून ठेवा की जमिनीवर कोण झोपणार.

दुसरी भानगड ओलीची. रॉकी माउंटन नॅशनल पार्कातून एका रविवारी पावसात निघालो. कापड भिजलेलं, तसंच घडी करून छत खाली दाबलं आणि घरी आलो. सोमवारी ऑफिस, मंगळवारी ऑफिस. गुरुवारी उघडलं तर ओल्या गोणपाटाचा वास आणि कोपऱ्यांत काळे ठिपके. ते ठिपके पुढे कधीच गेले नाहीत. ओलं बंद केलंत तर घरी आल्यावर त्याच रात्री, फार तर दुसऱ्या दिवशी, उघडून वाळवायला हवं. तुमच्या ड्राइव्हवेत कॅम्पर उघडा ठेवलेला तुमच्या एचओएला (घरमालकांच्या सोसायटीला) चालतो का, ते आधी वाचा. पुष्कळांना नाही चालत.

आता हार्ड-साइडची वाईट रात्र. ती खरं म्हणजे संध्याकाळ होती आणि जागा एका मोटेलचं पोर्च. पावसात नुसतं विचारायला म्हणून हे पोर्चखाली गाडी घालायला गेले. नऊ वर्षांची सवय, पॉप-अप बंद असला की फार उंच नसतो. नव्या कॅम्परसकट आम्ही ११ फूट १० इंच. वरून जो आवाज आला तो एसीच्या कव्हरचा होता. तेव्हापासून डॅशबोर्डवर मार्करने उंची लिहून चिकटवली आहे, आणि पेट्रोल पंपाचं छत, ड्राइव्ह-थ्रू, जंगलातल्या रस्त्यावर झुकलेली फांदी, सगळीकडे मी मान वर करून बसते. युटातल्या झायन नॅशनल पार्कला गेलो २०१७ मध्ये. तिथे १९३० साली झालेला एक मैलाहून लांब बोगदा आहे. ११ फूट ४ इंच किंवा त्याहून उंच गाडी म्हटली की आमच्यासाठी समोरची वाहतूक थांबवली आणि आमच्याकडून १५ डॉलर घेतले. पॉप-अप असताना त्याच बोगद्यातून आम्ही कुणाला न विचारता गेलो होतो. (हे नियम बदलत असतात, निघायच्या आधी पार्कचं पान बघा.)

आणि डोलणं. युटातच मोआबच्या बाजूच्या कच्च्या रस्त्यांवर एक चाक दगडावर चढलं की पॉप-अप मान हलवतो, हार्ड-साइड अख्खा कमरेतून वाकतो. मी दाराची मूठ धरून बसते आणि हे म्हणतात, काही होत नाही. आता आम्ही त्या रस्त्यांना जातच नाही. तुमच्या नवऱ्याला असे रस्ते हवे असतील तर तो म्हणतो ते बरोबर आहे. पण तुम्ही लिहिलेल्या यादीत असा एकही रस्ता मला दिसला नाही, म्हणून विचारते.

यादीत दिसतात ती अस्वलं.

यलोस्टोनमध्ये वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी देणारी एकच कॅम्पची जागा आहे, फिशिंग ब्रिज. ग्रिझली अस्वलांचा वावर असल्यामुळे तिथे फक्त कडक भिंतींच्या गाड्यांना जागा मिळते. तंबू नाही, कापडी भिंतीचा पॉप-अप नाही. बाकीच्या ठिकाणी पॉप-अप चालतो, पण जोडणी नाही. योसेमिटीत हार्ड-साइडमध्ये खिडक्या-दारं बंद करून खाणं आत ठेवता येतं. पॉप-अपवाल्यांनी सगळं काढून कॅम्पच्या लोखंडी पेटीत ठेवायचं. सगळं म्हणजे नुसता पोळीचा डबा नाही. टूथपेस्ट, साबण, पॅराशूटची बाटली, मसाल्याचा डबा, तूप, देवासाठी आणलेली उदबत्तीसुद्धा. ज्याला वास आहे ते सगळं. आम्ही नऊ वर्षं रोज रात्री ही वरात काढली आणि रोज सकाळी परत आणली. एकदा ह्यांच्या जॅकेटच्या खिशात चिक्की राहिली. ती आठवून मी अर्धी रात्र जागी होते आणि हे घोरत होते.

तेव्हा तुमच्या यादीला, बदललेल्या ट्रकवर, हार्ड-साइड. झोप लागणार नाही म्हणालात ते कारण लहान नाही. जिला झोप लागत नाही ती तिसऱ्या दिवशी घरी चला म्हणते. आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. हार्ड-साइडमध्ये रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली की मागचं दार उघडून चहा टाकता येतो, बाथरूमला जाता येतं, मुलीला भूक लागली तर उभ्याने पोहे परतता येतात. पॉप-अपमध्ये त्यासाठी बाहेरचे खटके सोडा, आत वाका, डोक्याने आणि हाताने छत वर ढकला, चहा प्या, परत खाली ओढा, कापड आत कोंबा. पहिल्या वर्षी करतो. नंतर हायवेवरच्या दुकानातला चहा घेतो.

पेट्रोलचं एका ओळीत: आमचं पॉप-अपला गॅलनला १३ मैल पडायचं, आता १०.

कडक भिंतीचाच पॉप-अप नाही का, असं तुम्ही विचाराल. आहे. वॉशिंग्टन राज्यातली अलास्कन नावाची कंपनी बनवते. वरचा अर्धा डबा खालच्या अर्ध्यावर हायड्रॉलिकने सरकत खाली येतो, जेवणाच्या डब्याचं झाकण बसावं तसा. कापड नाही आणि उंचीही कमी. पण किंमत आणि वजन बघून बसा, आणि आत वरचे कप्पे जवळजवळ नाहीत.

आता सासू-सासरे. दोन्ही प्रकारांत मोठा पलंग ड्रायव्हरच्या डोक्यावर असतो. तिथे शिडीने किंवा बाकावर पाय देऊन चढायचं, आणि भिंतीकडे झोपलेल्याने रात्री उठायचं तर दुसऱ्याच्या अंगावरून. सत्तरीच्या गुडघ्यांना हे सांगू नका. खालचं टेबल मोडून जो पलंग होतो तो तुमच्या मुलीच्या मापाचा आहे. त्यांच्यासाठी पार्कातल्या लॉजमध्ये खोली घ्या, पण ती खूप आधी धरावी लागते, म्हणजे या महिन्यातच बघायला लागा. दिवसभर बरोबर, रात्री ते खोलीत. त्यांचं वजनही स्टिकरच्या हिशेबात येतं हे विसरू नका, मागच्या सीटवर बसले तरी.

काहीही घेतलंत तरी पहिल्या सहलीला निघताना, पाणी भरून, सगळे बसलेले असताना, एखाद्या ट्रक-स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे वजनकाट्यावर, गाडी घाला. थोडक्या डॉलरांत पुढच्या आणि मागच्या चाकांवरचं वजन वेगवेगळं छापून मिळतं. तो कागद मला पाठवा. नवऱ्याने खरं वजन सांगितलं होतं का, तेही त्यावरून कळेल.

प्रश्न: आम्ही कॅलगरीत असतो. पॉप-अप थंडीत निरुपयोगी म्हणून मुद्दाम हार्ड-साइड घेतला. जानेवारीत बॅन्फला दोन रात्री काढल्या, बाहेर उणे अठरा. सकाळी गादीखाली पाणी, भिंतीवरून थेंब. छत गळतं का? विक्रेता म्हणतो ‘असं होतंच’.

उत्तर: विक्रेता अर्धं खरं सांगतोय. छत गळत असतं तर पावसातही गळलं असतं. हे पाणी तुमचंच आहे. दोन माणसं रात्रभर श्वास सोडतात, त्यातली वाफ थंड भिंतीवर जमते. पण मला संशय शेगडीचा येतो. हीटर पुरत नाही म्हणून बर्नर पेटवून ठेवला होता का? एक पौंड प्रोपेन जळला की दीड पौंडाहून जास्त पाणी तयार होतं. हीटर ते धुराबरोबर बाहेर टाकतो, शेगडी ते सगळं तुमच्या उशाशी सोडते. वर खिचडीच्या तीन शिट्ट्या. बर्नरने कॅम्पर गरम करू नका, पाण्यापेक्षा कार्बन मोनॉक्साइडसाठी. अलार्म चालू आहे ना, ते आजच बघा.

थंडीत उलट वाटेल, पण छताची खिडकी बोटभर उघडी ठेवायची आणि खालची एक जरा किलकिली. गॅस थोडा जास्त जाईल, कोरडं राहील. गादी थेट प्लायवर ठेवू नका. खाली लाकडी पट्ट्या किंवा जाळीची चटई घाला, हवा खेळली पाहिजे. शिजवताना पंखा चालू, झाकण घट्ट.

बॅटरी लिथियमची असेल तर ती शून्याखाली गेल्यावर चार्ज करायची नसते, बिघडते. ती आतल्या उबेत आहे की बाहेरच्या कप्प्यात, ते पाहा. आणि पॉप-अपवाल्यांना निरुपयोगी म्हणू नका हो. आम्ही त्यात उणे दहापर्यंत झोपलोय, कापडाला आतून जाड अस्तर लावून. हीटर मात्र रात्रभर थांबला नव्हता, आणि पहाटे सिलिंडर संपलं तेव्हा कोण उठणार यावरून झालेलं भांडण अजून निघतं.

प्रश्न: न्यू जर्सीत एक बारा वर्षं जुना पॉप-अप स्वस्तात मिळतोय. बघायला जाताना काय तपासू?

उत्तर: आधी नाक. आत शिरल्या शिरल्या कुबट वास आला आणि मालकाने सुगंधी फवारा मारलेला असला, तर दोन्हींची नोंद घ्या. मग कापडाच्या घड्या पडतात ते चारही कोपरे उजेडाकडे धरून बघा, भोकं तिथेच असतात. सगळ्या चेन ओढून बघा. बारा वर्षांत कापड बदललंय का विचारा. बदललं नसेल तर लवकरच बदलावं लागेल, तेवढे पैसे किमतीतून कमी करा.

त्यानंतर अंगठा. ड्रायव्हरच्या डोक्यावर येणारा नाकाचा भाग खालून दाबत जा, जमिनीचे कोपरे दाबा, दाराच्या उंबऱ्याजवळ दाबा. कुठे बिस्किटासारखं मऊ लागलं तर आतलं लाकूड कुजलंय, परत फिरा. छतावर चढून सांध्यांवरचं सीलंट बघा.

शेवटी छत तुम्ही स्वतः, एकट्याने, तीन वेळा वर-खाली करा. मालकाला करू देऊ नका, त्याला सवय असते. तो म्हणाला की आज पाऊस आहे, उघडायला नको, तर पावसातच उघडायला सांगा.